ऊब टेलला पोचली पाहिजे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्या अंकात रोज किमान तापमानाचा आकडा येतो. कोल्हापूरचा पारा १४-१५ अंशांवर उतरला की रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर निघतात, गल्लीच्या तोंडाला शेकोट्या पेटतात. याच दिवसांत माझ्या ओळखीतल्या दोन-तीन घरांतून तरी आई-वडील लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी इंग्लंड-जर्मनीला निघालेले असतात. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, कुंची, दुपटी सगळं असतं. तिथल्या घरात ऊब कशी येते आणि ती सगळ्या खोल्यांना सारखी कशी वाटायची, हे मात्र जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या नातवाच्या खोलीपायी मला जे कळलं ते इथं लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावावी लागली तर लावा, पण कोळशाच्या शेगडीचा भाग तेवढा कापू नका, ही विनंती.

मी ३४ वर्षं पंप आणि पाइपलाइनचं काम केलं. उद्यमनगरात फिटर म्हणून लागलो, पुढं स्वतःचं लहान वर्कशॉप टाकलं. पंचगंगा आणि भोगावतीच्या काठानं जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरींवर, मोटारी बसवल्या, पाणीपुरवठा संस्थांच्या लाइनी टाकल्या. पाणी पाइपात कसं वागतं हे त्यामुळं हाताला ठाऊक आहे. गरम असो की गार, पाणी सोपी वाट धरतं.

मुलगी इंग्लंडात लीड्सला असते. भाड्याचं घर, ओळीनं एकमेकांना चिकटून बांधलेल्या विटांच्या घरांपैकी एक. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि दारातला बोळ. माडीवर दोन झोपायच्या खोल्या, बाथरूम आणि मागच्या अंगाला एक लहान खोली. ही मागची खोली बाळ-बाळंतिणीसाठी ठेवलेली. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी पोचलो. डिसेंबरात तिथं दुपारी पावणेचारलाच दिवस मावळतो. बाहेर दोन-तीन अंश, सारखी ओल, आणि त्यात सात दिवसांचं बाळ.

पहिल्याच रात्री सौ. खाली आली. म्हणाली, "अवो, पोराच्या पायाला हात लावून बघा, बर्फागत झाल्यात." बोळातल्या भिंतीवर थर्मोस्टॅट होता, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारा खटका, त्यावर आकडा २१. मी वर जाऊन खोलीतलं तापमान बघितलं तर १६. तिनं थर्मोस्टॅट २६ वर नेला. तासाभरात हॉलमध्ये बसवेना, जावईबापूंना घाम फुटला, आणि वरच्या खोलीत काटा जेमतेम १७ वर. रात्रभर बॉयलर चालू. दुसऱ्या दिवशी एका कारागिराला बोलावलं. त्यानं बॉयलर तपासला, तो ठणठणीत आहे म्हणाला, आणि आकडा आणखी वाढवायला सांगून गेला. बॉयलर खरोखरच ठणठणीत होता. दुखणं दुसरीकडं होतं.

आधी तिथली पद्धत सांगतो. इंग्लंडात बहुतेक घरं गॅसच्या बॉयलरवर तापतात. बॉयलर पाणी गरम करतो, पंप ते पाणी पाइपांतून खोलीखोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेली पत्र्याची चपटी पेटी. एका टोकानं गरम पाणी आत येतं, खोलीला ऊब देऊन कोमट होतं आणि दुसऱ्या टोकानं बॉयलरकडं परत जातं. पाणी तेच, पुन्हा पुन्हा फिरणारं. ही बंद लाइन असल्यामुळं पंपाला उंची चढवायची नसते. जेवढं पाणी वर जातं तेवढंच खाली येतं, पंपानं फक्त पाइपातलं घर्षण मारायचं. म्हणून एवढा लहान पंप पुरतो.

आता थर्मोस्टॅट. आमच्या सौ.सारखाच समज मी तिथं इतरांच्याही घरी बघितला, की आकडा वर नेला म्हणजे घर लवकर तापतं. तसं होत नाही. साधा थर्मोस्टॅट चालू आणि बंद एवढंच जाणतो. बोळ १६ वर असेल तर आकडा २० ठेवा नाहीतर २८ ठेवा, बॉयलर सारख्याच जोरानं चालतो. फरक एवढाच की २० वर ठेवलात तर २० ला थांबतो, २८ वर ठेवलात तर २० ओलांडून चालतच राहतो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट व्हॉल्व्ह डोळ्यांपुढं आणा. गोळा वर बांधला म्हणून टाकी लवकर भरत नाही, पाणी फक्त जास्त उंचीला बंद होतं. एवढं चित्र मनात पक्कं बसलं की तिथला निम्मा गोंधळ संपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट जिथं टांगलाय तिथलीच हवा त्याला कळते. आमचा बोळात होता आणि त्याच्या समोरच बोळाचा रेडिएटर, बॉयलरपासून सगळ्यात जवळचा. बोळ दहा मिनिटांत तापायचा, थर्मोस्टॅट म्हणायचा झालं काम, आणि बॉयलर बंद. माडीवरच्या मागच्या खोलीपर्यंत गरम पाणी धड पोचलेलंच नसायचं.

हे लक्षात आलं आणि मला आमच्याकडच्या एका पाणीपुरवठा संस्थेची लाइन आठवली. गावाचं नाव सांगत नाही. अडीच किलोमीटरची लाइन, वाटेत शेतकऱ्यांचे कॉक. हेडच्या, म्हणजे लाइनीच्या सुरुवातीच्या शेतकऱ्याचा कॉक कायम पूर्ण उघडा, त्याच्या सरीतून पाणी बांधावरून वाहायचं. टेलला, म्हणजे लाइनीच्या शेवटाला, ऊस वाळत होता. टेलचे लोक दर मीटिंगला म्हणायचे, मोटार मोठी बसवा. संस्थेनं कर्ज काढायची तयारी केली होती. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. मोटारीला हात लावला नाही. हेडचा कॉक पाव ठेवला, त्यापुढचा अर्धा, मधले पाऊण आणि टेलचा पूर्ण. तिसऱ्या दिवशी टेलच्या सरीत पाणी आलं. हेडच्या माणसाचंही काही अडलं नाही, त्याला लागत होतं तेवढं मिळतच होतं. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत वरच्या बंधाऱ्याला सगळे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालून ठेवले तर खालच्या बंधाऱ्याला पाणी कुठून येणार? ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही समजते. त्या घरातल्या आठ रेडिएटरची गत तीच होती. बोळ आणि हॉल हेडला, बाळाची खोली टेलला.

मुलीला सांगितलं तर तिला धास्ती. "आण्णा, भाड्याचं घर आहे, कशाला हात लावू नका." जावयांनी घरमालकाला विचारून घेतलं. बॉयलरचं झाकण मी उघडलं नाही आणि कोणी उघडूही नये. तिथं गॅसच्या उपकरणाचं काम नोंदणी असलेल्या कारागिरानंच करायचं असा कायदा आहे आणि तो योग्य आहे. पण रेडिएटरची हवा काढणं आणि त्याचे व्हॉल्व्ह लावणं हे घरातल्या माणसाचं काम आहे.

आधी हवा काढली. रेडिएटर चालू असताना वर हात लावायचा आणि खाली हात लावायचा. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. शेतीपंपाला एअर धरली की आपण काढतो, तोच प्रकार. उलट खालचा मधला भाग गार आणि वर गरम असेल तर तळाला गंजाचा काळा गाळ बसलाय, ते धुवायला माणूस बोलवावा लागतो. बाळाच्या खोलीतला रेडिएटर वरचा तिसरा हिस्सा गार होता. सगळं बंद करून पाणी निवू दिलं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिट्टी असते, तिची लहान पितळी चावी मिळते. खाली भांडं धरलं, फडकं लावलं आणि चावी पाव फेरा डावीकडं फिरवली. बराच वेळ सूं सूं करून हवा निघाली, मग पाणी ठिबकलं तशी बंद केली. हवा निघाली की लाइनीतला दाब उतरतो, हे विसरू नये. बॉयलरखाली दाबाचा काटा असतो. गार असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंच पाण्याचा दाब. आमचा ०.८ वर आला होता. बॉयलरखाली लाइनीत पाणी भरायची वेणीची नळी असते, तिचे कॉक हळूच उघडून १.२ पर्यंत भरला आणि कॉक पुन्हा घट्ट बंद केले.

मग वाटप. प्रत्येक रेडिएटरला दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकडे लिहिलेली मूठ असते, तिच्याबद्दल पुढं सांगतो. दुसऱ्यावर साधी प्लास्टिकची टोपी. माणसं ती टोपी कधी काढतच नाहीत. तिच्याखालच्या व्हॉल्व्हला तिथं लॉकशील्ड म्हणतात आणि खरा कॉक तो. मी आधी आठही लॉकशील्ड किती फेरे उघडे आहेत ते मोजून वहीत लिहून घेतलं, म्हणजे चुकलं तर होतं तसं करता येईल. सगळेच्या सगळे पूर्ण उघडे निघाले. घर बांधल्यापासून कोणी वाटप केलंच नव्हतं की काय, असं वाटलं.

सगळ्या मुठी पूर्ण उघडल्या, घर गार होऊ दिलं, बॉयलर लावला आणि कुठला रेडिएटर आधी तापतो ते हातानं बघत फिरलो. क्रम लावला तो असा: बोळ, हॉल, स्वयंपाकघर, वरचा जिना, पुढची खोली, बाथरूम, दुसरी खोली आणि शेवटी बाळाची. बोळाचा लॉकशील्ड पाव फेरा ठेवला, हॉलचा अर्धा, पुढं वाढवत नेले, बाळाच्या खोलीचा पूर्ण उघडा. मग खरं काम सुरू होतं आणि त्याला सबुरी लागते. रेडिएटरच्या दोन्ही पाइपांचं तापमान मोजायचं. आत येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या पाण्यात साधारण १० ते १२ अंशांचा फरक पडायला हवा. फरक फारच कमी असेल तर पाणी नुसतं पळतंय, खोलीला ऊब न देता परत जातंय, तिथला कॉक आवळायचा. फरक खूप असेल तर पाणी अपुरं, कॉक सैल करायचा. एक कॉक हलवला की बाकीच्या सातांवर परिणाम होतो, म्हणून प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबायचं. मला दोन दिवस लागले. बाळ झोपलेलं असताना त्या खोलीत पाय न वाजवता जायचं, वाकून पाइपाला थर्मामीटर लावायचा, वहीत लिहायचं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान पाइपलाइनचं काम. पण कुठल्याही जॅकवेलवर काळजाची एवढी धडधड झाली नव्हती.

आता आकड्यांच्या मुठीबद्दल. तिच्या आत मेणाची नाहीतर द्रवाची कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि पाण्याची वाट बंद करते, खोली निवली की आकसते आणि वाट उघडते. मुठीवरचे १ ते ५ हे आकडे म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा जोर नव्हे, ते खोलीचं तापमान आहे. ३ म्हणजे साधारण २० अंश, २ म्हणजे १६, कंपनीगणिक थोडा फरक. एकदा लावून सोडून द्यायचं. ज्या जागी भिंतीवरचा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरची मूठ मात्र पूर्ण उघडी ठेवावी, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतात.

बाळाच्या खोलीची मूठ २ आणि ३ च्या मध्ये लावली आणि भिंतीवरचा आकडा १९. सौ.ला हे पटेना. तिनं आमची तिन्ही मुलं कौलारू घरात, बाजेखाली शेगडी ठेवून, ओव्याची धुरी देऊन वाढवली आहेत. १९ अंश म्हणजे पोराला उघड्यावर टाकल्यासारखं तिला वाटलं. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. मग सरकारी आरोग्यसेवेतली भेटीला येणारी नर्स आली. मुलीनं भाषांतर केलं. तिथं तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात. बाळाचे हातपाय गार लागणं नेहमीचं आहे, त्यावरून अंदाज बांधू नये. छातीला किंवा मानेच्या मागं हात लावून बघावं. तिथं घाम असेल तर बाळाला जास्त गरम होतंय, आणि बाळ फार तापणं हे झोपेतल्या अचानक मृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानलं जातं. घरात झोपताना टोपडंसुद्धा नको. सौ.नं त्याच वेळी नातवाच्या मानेमागं हात घातला. तीन दुपटी आणि कुंचीखाली मान ओली होती. ती एकदम गप्प झाली आणि मग स्वतःच्या हातानं एकेक दुपटं काढलं. तिनं आजवर जे केलं त्यात चूक नव्हती, हे मी तिला त्या रात्री सांगितलं. आपल्या कौलांतून रात्रभर वारा वाहतो, तिथलं शास्त्र त्या घरासाठी होतं.

म्हाताऱ्या माणसांचा हिशेब जरा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घरांबद्दलच्या सूचना काढल्या, त्यात थंड प्रदेशात घराच्या आत किमान १८ अंश ठेवावेत असं म्हटलं आहे, आणि वयस्कर, लहान मुलं, आजारी यांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. सौ.चे गुडघे दुखतात. २० अंशांतही तिला कुडकुडायला व्हायचं. कारण शोधलं तर तिची कॉट बाहेरच्या भिंतीला लागून होती. हवा २० अंश असली तरी गार भिंत अंगातली ऊब ओढत राहते. कॉट आतल्या भिंतीला सरकवली, एवढंच केलं. आकडा वाढवावा लागला नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी आपल्या माणसांकडून हमखास होतात. रेडिएटर दिसला की आपण त्यावर ओले कपडे टाकतो. आमच्याकडं आठही रेडिएटरवर दुपटी आणि लंगोट. त्यानं ऊब खोलीत येत नाही आणि कपड्यांतलं पाणी हवेत जाऊन गार भिंतीवर बसतं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती ती याचमुळं. कपडे बाथरूममध्ये पंखा लावून, दार लावून वाळवायला सुरुवात केली. रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि मग बंद करायच्या. जर्मनीत तर याचा रिवाजच आहे. तेवढ्यात ओली हवा जाते आणि भिंती निवत नाहीत. दिवसभर खिडकी फटीएवढी उघडी ठेवणं मात्र वाईट. लांब पडदा रेडिएटरवर सोडला किंवा सोफा त्याला चिकटवून ठेवला तर ऊब खिडकीला आणि सोफ्याला मिळते, माणसाला नाही. जर्मनीत बऱ्याच इमारतींत बॉयलर तळघरात सामाईक असतो आणि घरातल्याच्या हातात फक्त आकड्यांची मूठ असते. तिथं जाणाऱ्यांनी निदान मुठीचं तरी समजून घ्यावं.

शेवटी बॉयलरवरचा रेडिएटरच्या चित्राचा खटका ७५ वरून ६० वर आणला. त्यासाठी काही उघडावं लागत नाही. नव्या पद्धतीचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तीही उष्णता वापरतात. वाफेनं भाजलेलं गरम पाण्यानं भाजल्यापेक्षा जास्त का पोळतं, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाफेचं पाणी होताना ती पोटातली उष्णता सोडते. पण परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे घडतं, नाहीतर ती वाफ धुराड्यातून बाहेर जाते. ज्या घरात नळाचं गरम पाणी टाकीत साठवतात तिथं टाकीचं पाणी ६० च्या खाली नेऊ नये, त्यात रोगजंतू वाढतात. आमच्याकडं टाकी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर २ अंश होते. बोळ १९, हॉल २०, बाळाची खोली १९. जावई रोज मीटर बघून सांगायचे. गॅस जवळपास पाव हिश्शानं उतरला होता. त्या आठवड्यात हवाही जरा निवळली होती, म्हणून सगळं श्रेय फेऱ्यांना देत नाही. पण बाळ रात्री सलग तीन तास झोपलं, आणि त्याची आई पण.

आता आपल्या गावाचं.

तिथल्या भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे. स्वयंपाकघरात तो पांढरा डबा बघितला आणि मला राजारामपुरीतल्या आमच्याच गल्लीतली त्याआधीच्या थंडीतली एक रात्र आठवली. एका घरात बाळंतीण आणलेली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सरकत्या काचांच्या घट्ट खिडक्या. आजीनं मायेनं कोळशाची शेगडी खोलीत ठेवली, धूर संपून लालबुंद निखारे झाल्यावर, आणि दार लावून घेतलं. पहाटे बाळंतीण उठली तर डोकं फुटायची वेळ, उलट्या, पाय लटपटत होते. दार उघडलं म्हणून दोघं वाचली.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं आपण समजतो. खरं उलट आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही. आमच्या आज्या बाजेखाली शेगडी ठेवायच्या तेव्हा वर कौलांच्या फटी होत्या, दारं फळ्यांची होती. घर बदललं, शेगडी तीच राहिली. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. गिझर बाहेर बसवा, निदान झडपा तरी कायम उघड्या ठेवा. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर निखारे बाहेर ठेवून फडकं गरम करून आणा.

विजेचा हीटर लावणार असाल तर तो बहुधा २००० वॅटचा असतो. म्हणजे सुमारे ९ अँपिअर, आणि तासाला २ युनिट. आपल्या खोल्यांतल्या ६ अँपिअरच्या साध्या बोर्डाला आणि स्वस्तातल्या एक्स्टेंशनला हे ओझं पेलत नाही. प्लग वितळलेले मी बघितले आहेत. हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा आणि पांघरुणापासून लांब ठेवा. त्याही आधी एक साधा थर्मामीटर भिंतीवर टांगा. पेपरात १४ आलं म्हणजे तुमच्या खोलीत १४ नसतात. माझ्या घरात तशा रात्रीही आतली खोली २१ च्या खाली गेली नाही, कारण दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ऊब सोडतात. तेवढ्यात बाळाला ना हीटर लागतो ना शेगडी.

म्हणून संपादक महोदय, विनंती एवढीच. थंडीच्या दिवसांत किमान तापमानाच्या आकड्याखाली एक ओळ रोज छापा: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. जागा फार लागणार नाही.

लीड्सहून निघताना मी सगळ्या फेऱ्यांचा हिशेब एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिला आणि बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आमच्यानंतर जावयांचे आई-वडील गेले. जानेवारीत एका रात्री विहीणबाईंचा फोन आला. "दादा, बाळाची खोली आज गार लागतीया. बोळातला आकडा वाढवू का?"

मी विचारलं, "रेडिएटरला हात लावून बघा. वर गार आहे की खाली?"

थोड्या वेळानं म्हणाल्या, "वर."

"मग आकडा राहू दे. कपाटाच्या दारामागं पितळी चावी टांगलीय. सगळं बंद करून निवू द्या, खाली भांडं धरा आणि पाव फेरा डावीकडं. पुढचं कागदावर आहे."

आपला,
एक निवृत्त फिटर,
राजारामपुरी, कोल्हापूर